जपानमध्ये स्टेशनजवळचा जुना फ्लॅट घेताय? आधी बिल्डिंगचं पासबुक बघा

पहिलं म्हणजे तिकडे 'मान्शोन' म्हटलं की बंगला डोळ्यासमोर आणू नका, आपल्या सोसायटीतला असतो तसाच साधा फ्लॅट, आणि वापरलेला असेल तर 'च्युको मान्शोन'. विकत घ्यायला परदेशी माणसाला व्हिसाची अट नाही, पण लोनची भानगड वेगळी, पर्मनंट रेसिडेन्सी नसेल तर बऱ्याच बँका दारातूनच परत पाठवतात आणि ज्या देतात त्या डाऊन पेमेंट जास्त मागतात. म्हणून घरं बघत फिरायच्या आधी बँकेत विचारून या.

जाहिरातीत "स्टेशनपासून चालत 7 मिनिटं" असतं ना, ते कुणी घड्याळ लावून चाललेलं नसतं, 80 मीटरला 1 मिनिट असा सरळ हिशोब, सिग्नल आणि चढ त्यात धरतच नाहीत. स्वतः चालून बघा, एकदा ऑफिसच्या वेळेला आणि एकदा रात्री. आपली मंडळी टोकियोतल्या निशिकासाईत बरीच, तर तिथलंच घ्या, मेट्रोची तोझाई लाईन तिथे जमिनीखालून नाही तर पुलावरून जाते आणि रॅपिड गाडी न थांबता धडधडत पुढे निघून जाते, त्यामुळे रुळांसमोरचा फ्लॅट असेल तर खिडकी उघडून दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. शिवाय निशिकासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, पुराचा हॅझर्ड मॅप बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बिल्डिंग भूकंपात टिकावी म्हणूनचा बांधकामाचा नवा नियम 1 जून 1981 पासूनचा. पण "1982 ची बिल्डिंग आहे" ऐकून लगेच खूश व्हायचं नाही, कारण तारीख धरतात ती बांधकाम परवानगीची, बिल्डिंग पूर्ण झाल्याची नाही.

आता खरा मुद्दा. चकाचक रिनोव्हेशन, नवं किचन बघून भुलू नका, एजंटला सांगून मॅनेजमेंट कंपनीकडून 'जुयो जिको चोसा होकोकुशो' मागवा, नाव मारुतीच्या शेपटीएवढं आहे पण दुरुस्ती फंडात किती शिल्लक, थकबाकी किती, मोठी दुरुस्ती कधी झाली, सोसायटीच्या डोक्यावर कर्ज आहे का, सगळं त्यात कळतं. महिन्याला दोन रकमा जातात, मेंटेनन्सची 'कानरिही' आणि आपल्या सिंकिंग फंडासारखी 'शुझेन त्सुमितातेकिन'. ही दुसरी रक्कम फारच कमी दिसली तर मला आनंद नाही, धडकीच भरते, कारण मोठी दुरुस्ती साधारण 12 ते 15 वर्षांनी येतेच आणि तेव्हा फंड रिकामा असला की हप्ता वाढवतात नाहीतर एकरकमी मागतात. आधीच्या मालकाने पैसे थकवले असतील तर सोसायटी ते कायद्याने तुमच्याकडून वसूल करू शकते, हे विसरू नका. जमलं तर जनरल मीटिंगचे मिनिट्सपण वाचा, गळती कुठली, भांडण कशावरून, हे एजंट सांगणार नाही.

आत गेल्यावर पाइप कुठून जातात विचारा, जुन्या बिल्डिंगांमध्ये सांडपाण्याचा पाइप कधीकधी खालच्याच्या छतातून गेलेला असतो, मग बदलायचा कसा? आणि बाल्कनी सामायिक मालकीची, तुम्हाला नुसती वापरायला. ग्रिल ठोकून खोली वाढवायची आपली मुंबईची कला तिथे चालत नाही! मुख्य दाराची बाहेरची बाजू, खिडक्यांच्या चौकटीसुद्धा सामायिकच.

पैशाचं थोडक्यात: एजंटची फी जास्तीत जास्त 3 टक्के अधिक 60 हजार येन, वर 10 टक्के टॅक्स. म्हणजे 3 कोटी येनच्या फ्लॅटला 10 लाख 56 हजार, आणि रजिस्ट्रेशन, विमा वगैरे वेगळंच. करार करताना 'तेत्सुके' म्हणून बयाणा देतात, नंतर मन बदललं तर तो बुडतो, म्हणून लोन नाही मिळालं तर बयाणा परत, हे 'रोन तोकुयाकु' कलम करारात आहे का आधी बघा.

करारापूर्वी एजंटकडचा लायसन्सवाला माणूस फ्लॅटची सगळी माहिती कागदावरून वाचून दाखवतो, तासभर तरी जातो आणि सगळं जपानीत. तो कागद चार दिवस आधीच मागून घ्या, जपानी नीट येणाऱ्या मित्राला चहाला बोलवा आणि ओळ न् ओळ वाचून घ्या, त्या दिवशी नुसतं "हाय, हाय" (म्हणजे हो, हो) करत मान डोलवायला जाऊ नका.