खारपाणपट्ट्यातून सायकल चालवताना
पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर-मूर्तिजापूरच्या परिसरात, रस्ते सपाट आहेत. मात्र येथील भूजल बहुतेक ठिकाणी खारे असल्याने पाण्याच्या दोन बाटल्या घरूनच भरून घ्याव्यात. चढ नसला तरी उघड्या रानातला समोरचा वारा दमवतो, म्हणून जाताना तो अंगावर घेऊन परतताना पाठीशी राहील असा मार्ग आखावा. रस्त्याच्या कडेला उतरायचे झाल्यास सायकल उचलूनच न्यावी, कारण बाभळीचा काटा टायर भेदून थेट ट्यूबमध्ये शिरतो. पंक्चर झाल्यास ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून काट्याचे मोडलेले टोक काढावे, नाहीतर नवी ट्यूबही तिथेच फुटते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ब्रेकमध्ये घट्ट बसतो. तेव्हा पांदणीचा मोह टाळावा, डांबरी रस्ता कितीही कंटाळवाणा वाटला तरी.