पुण्याभोवती खनिजं गोळा करताय? या चुका टाळा

पुण्याच्या काळ्या कातळात खरी गंमत असते ती पोकळ्यांत. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर साचले. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पुढे पाण्यातून स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी, अकीक असं काय काय जमत गेलं. वाघोलीच्या खाणींतलं निळंभोर कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. या पोकळ्या नाजूक असतात, आणि नवशिक्या पहिला घाव नेमका तिथेच घालतो.

स्फटिक दिसले की पोकळीच्या कडेला छिन्नी लावू नका, हादऱ्यानेच ते सुटून पडतात. चार बोटं लांब, धड दगडावर छिन्नी धरा. खिळे ठोकायची घरची हातोडी आणू नका, तिच्या पोलादाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. गॉगल हवाच. खरं तर बऱ्याचदा काही फोडावंच लागत नाही. खाणीबाहेरचा डबराचा ढीग किंवा नव्या विहिरीतून काढलेला दगड उलटापालटा करून बघितला तरी पुरतं.

खाणीत मालकाला किंवा मुकादमाला विचारल्याशिवाय शिरायचं नाही, आणि सुरुंगाची वेळ आधी विचारून घ्यायची. उभ्या कड्याखाली बसून दगड निवडणं हा शुद्ध वेडेपणा आहे, पावसाळ्यात तर जास्तच. बंद खाणीत साठलेल्या पाण्यात उतरू नका. टेकड्यांवरच्या वनखात्याच्या जमिनीत आणि किल्ल्यांवर हातोडी काढूच नका.

एवढं सांभाळून आणलेले नमुने घरी मोरीत वाया जातात. तांबूस डाग दिसला की लोक बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड ओततात. त्यात कॅल्साइट फसफसून विरघळतं आणि स्टिल्बाइट, ह्युलँडाइट यांसारख्या झिओलाइट गटातल्या खनिजांचीही चकाकी जाते. तो डाग बहुधा लोहाच्या गंजाचा असतो. गारगोटीवरचा डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणाने निघतो. मात्र ते विषारी आहे, म्हणून हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका. कॅल्साइट असलेल्या नमुन्याला हेही नको, वर पांढरा थर धरतो. झिओलाइटांना साधं पाणी आणि मऊ टूथब्रश पुरे. अपोफिलाइटवर कढत पाणी ओतू नका, त्याचे पापुद्रे सुटतात. कापसाच्या गोळ्यासारखं दिसणारं ओकेनाइट मिळालं, तर ब्रश नको, पाणी नको आणि बोटही नको. एकदा दबलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत.

दगडाला चुंबक चिकटलं म्हणून ‘उल्का सापडली’ असा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी थांबा. आपल्या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्येच, मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळे चुंबक थोडंफार ओढलं जाणारच. सिंधुदुर्गातल्या रेडीकडून कुणी लोहखनिज म्हणून जड दगड आणून दिला, तर तो टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासून बघा. हेमॅटाइट हे लोहखनिज असेल तर वरून काळाकरडा दिसला तरी रेघ तांबडी उमटेल. पांढरा स्फटिक गारगोटी की कॅल्साइट, हे चाकूच्या टोकाने कळतं. कॅल्साइटवर ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत नाही. आणि भडक गुलाबी किंवा जांभळं ओकेनाइट विकत मिळालं, तर ते रंगवलेलं आहे असं खुशाल समजा. अकीकालाही रंग देतात.

घोड नदीच्या काठी फिरताना एक पथ्य पाळा. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतली माणसं कॅल्सेडनीची, म्हणजे अकीकाच्या जातीच्या दगडाची, पाती बनवत. लांबट, धारदार, दोन्ही कडा समांतर असलेली कपची दिसली तर फोटो काढा आणि ती तिथेच राहू द्या.

चिठ्ठीचा कंटाळा मात्र सगळेच करतात. गाव, खाण की विहीर, आणि तारीख तिथेच लिहून दगडासोबत गुंडाळा. घरी आल्यावर मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक घाला आणि तोच वहीत उतरवा, कारण चिठ्ठ्या हरवतात. नुसतं ‘पुणे’ लिहिलेल्या स्टिल्बाइटला जाणकार संग्राहक फारशी किंमत देत नाही.