गुडघ्याला मुका मार आणि पायाची नाडी गायब: धमनी जोडण्याचा क्रम

दुचाकीच्या अपघातात निखळलेला गुडघा अनेकदा रुग्णाला उचलतानाच जागेवर बसतो आणि एक्स-रे निर्धोक दिसतो. त्या एक्स-रेवर विसंबू नका. गुडघ्यामागची पॉप्लिटियल धमनी वर-खाली जखडलेली असते. सांधा सरकला की ती ताणते, आतलं अस्तर फाटतं आणि तिथे गुठळी धरते. म्हणून नाडी लागत असली तरी घोट्याचा रक्तदाब डॉपलरने (रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या ध्वनिलहरींच्या यंत्राने) मोजा. तो हाताच्या दाबाच्या ०.९ पटीखाली असेल तर सीटी अँजिओग्राफी (रंगद्रव्य सोडून धमन्यांचा स्कॅन) करा. पाऊल गार आणि नाडी नाही, तर थेट थिएटर.

पायाचा रक्तपुरवठा परत सुरू करायला हाताशी असलेले सहा तास अपघातापासून मोजायचे, इस्पितळात पोचल्यापासून नव्हे. काणकोणहून १०८ रुग्णवाहिका निघतानाच गोमेकॉला (गोवा मेडिकल कॉलेजला) फोन गेला पाहिजे.

दोन्ही पाय जंतुनाशकाने पेंट करून मोकळे ठेवा. धमनीच्या फाटलेल्या तुकड्याजागी जोडायची शीर (ग्राफ्ट) चांगल्या पायातली घ्यायची, कारण दुखावलेल्या पायाची खोल शीर फाटली असेल तर रक्त परतायला तिथली सॅफेनस (कातडीखालची लांब) शीरच उरते. आतल्या बाजूने गुडघ्याच्या वर आणि खाली छेद घेऊन, रक्त साकळलेल्या भागापासून दूर धमनी ताब्यात घ्या. डोक्याला किंवा पोटाला मार नसेल तरच ५००० युनिट हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) शिरेतून. नाहीतर फक्त हेपारिन-सलाइनने धुवा. गुठळी काढताना फोगार्टीचा (गुठळी ओढून काढणाऱ्या बारीक नळीच्या टोकाचा) फुगा जेमतेम फुगवा, जास्त फुगवला तर चांगलं अस्तरही सोलून निघतं.

मग शंट, म्हणजे धमनीच्या दोन टोकांत तात्पुरती नळी. रक्त चालू झालं की ऑर्थोवाल्यांना एक्स्टर्नल फिक्सेटर (हाड बाहेरून धरणारी सळ्यांची चौकट) लावू द्या. टाके आधी घातले आणि हाड नंतर ओढलं, तर ग्राफ्ट ताणतो किंवा मुडपतो.

आता निरोगी अस्तर दिसेपर्यंत धमनी कापा. शिरेच्या झडपा प्रवाहाला आडव्या येऊ नयेत म्हणून तिची वर-खालची टोकं उलटी करून लावायची. पीळ पडू नये म्हणून तिच्यावर शाईची एक सरळ रेघ ओढा. लांबी गुडघा सरळ ठेवूनच मोजा. टोकं तिरकी कापून ६-० प्रोलीनच्या बारीक धाग्याने शिवा आणि शेवटची गाठ मारण्याआधी दोन्हीकडून रक्त सोडून हवा, गुठळ्या बाहेर काढा. खोल शीर फाटली असेल तर तीही जोडा. टेबलावरच अँजिओग्राम करा.

उशीर झाला असेल तर पोटरी सुजण्याची वाट न पाहता दोन लांब छेदांतून पायाच्या स्नायूंचे चारही कप्पे उघडा. आखूड छेदात खोल मागचा कप्पा हटकून बंद राहतो. पोटरीचा सोलियस स्नायू टिबियापासून (नडगीच्या हाडापासून) सोडवल्याशिवाय तो उघडत नाही.

वॉर्डात दर तासाला नाडी आणि लघवी पाहा. लघवी चहाच्या रंगाची झाली तर सलाइन वाढवून लगेच पोटॅशियम तपासा.