दहाव्या पिढीतल्या पूर्वजाचा डीएनए आपल्यात आहे का? हिशोब असा करा

वंशावळीत नाव सापडलं म्हणजे त्या पूर्वजाचा अंश आपल्यात असणारच, असं धरून चालू नका. दर पिढीला निम्मं करत गेलं की दहाव्या पिढीतल्या एकेकाचा वाटा सुमारे ०.१ टक्का निघतो. सरासरी म्हणून हे बरोबरच. पण डीएनए तुकड्यांनी उतरतो, आणि तुकडा एक तर येतो, नाहीतर येतच नाही. म्हणून टक्के सोडा, तुकडे मोजा.

आधी पिढी ठरवा. आई-वडील पहिली, आजी-आजोबा दुसरी, पणजोबा तिसरी, खापरपणजोबा चौथी. स्वतःला पहिली पिढी धरली की पूर्वजांचा आकडा थेट दुप्पट होतो. ही चूक सर्रास होते. नावं नसून फक्त जन्मसालं हाती असतील तर फरकाला ३० ने भागा, बायकांच्या सरळ ओळीत २५ ने. पूर्वज १७०० चा, तुम्ही २००० चे, तर १० पिढ्या.

आता तुकडे. लिंगगुणसूत्रं वगळली तर आईकडून २२ आणि वडिलांकडून २२ गुणसूत्रं येतात. बीजपेशी तयार होताना जोडीतली गुणसूत्रं आपसांत भाग बदलतात. असे सांधे दर पिढीला सरासरी ३३ पडतात (बायकांत चाळिसेक, पुरुषांत सव्वीस-सत्तावीस). त्यामुळे पिढीतून १ वजा करा, ३३ ने गुणा, २२ मिळवा आणि दुप्पट करा. दहाव्या पिढीसाठी ९ × ३३ = २९७, अधिक २२ = ३१९, दुप्पट ६३८ तुकडे. वंशावळीत त्या पिढीत पूर्वजांच्या जागा मात्र १,०२४. म्हणजे जागेमागे ०.६२ तुकडा.

एखाद्याचा एकही तुकडा नसण्याची शक्यता काढायला मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरून २.७१८ चा उणे ०.६२ वा घात घ्या: सुमारे ०.५४. निम्म्याहून जास्त जागा कोऱ्याच! सातव्या पिढीत हीच शक्यता ३ टक्के, बाराव्या पिढीत ८३. हा अंदाज आहे, विशिष्ट माणसाबद्दलचा निकाल नव्हे.

एकच पूर्वज अनेक जागी बसला असेल तर उत्तर बदलतं. मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरात मुलांना पणजोबा-पणज्या मिळून आठ नसतात, सहाच असतात. दहाव्या पिढीतला एकजण तीन जागी असेल तर ०.६२ ला ३ ने गुणा. कोरा राहण्याची शक्यता १५ टक्क्यांवर येते. हे कळायला आईची बाजूही हवी, आणि नेमकी तीच कुळवृत्तांतात तुटक असते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी (यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदवह्या) बघायला गेलात तर आई-आजीच्या माहेरचं आडनाव आणि मूळ गाव लिहून न्या, फक्त स्वतःचं नको.

वंशाच्या दोन सरळ ओळी, बाप-मुलाची आणि आई-मुलीची, या हिशोबाबाहेरच्या. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) १६,५६९ अक्षरांचा डीएनए आईकडून मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे मुलीच चालवतात.

दत्तक मात्र तपासाच. राजर्षी शाहू कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले आणि १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. वंशावळ भोसल्यांची चालली, वाय गुणसूत्र घाटग्यांचं.