पोरं रडली म्हणून शिबिर जमलं असं समजू नका

शाळांमध्ये, वस्त्यांमध्ये नाटक घेऊन जायचंय असं म्हणणारे नवे लोक अधूनमधून भेटतात. आरशाचा खेळ, पुतळे, डोळे बांधून जोडीदाराला चालवणं हे त्यांना सगळं येत असतं. त्यामुळे मी जिथे आपटले तेवढंच सांगते.

माझं दुसरंच शिबिर होतं. आठवी-नववीची मुलं, शाळेचाच हॉल. मी म्हटलं, "आपल्या घरातला एक खरा प्रसंग करून दाखवा." एका मुलीने वडील रात्री पिऊन येतात तेव्हा काय होतं ते केलं. आई तीच झाली, वडीलही तीच. हॉल चिडीचूप. मुलं रडली, बाई रडल्या, मीही रडले. शिबिर भरवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी फोटो काढले. घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोन पोरं तिच्या वडिलांसारखी झिंगत चालत होती. चाल हुबेहूब, तिनेच दाखवलेली. ती मुलगी पुढे शिबिराला आली नाही.

हे मला अजून पचलेलं नाही, म्हणून जरा लांबण लावते. नाट्यगृहातला प्रेक्षक प्रयोग संपला की घरी जातो. वर्गातला प्रेक्षक उद्याही शेजारच्याच बाकावर बसतो. तेव्हा "खरं सांगा" हे शब्द तोंडातून काढूच नका. नाव बदला, गाव बदला. ज्याची गोष्ट, त्याने ती करायची नाही. त्याहून बरं म्हणजे तिघांच्या गोष्टी मिसळून चौथी बनवा, कुणाचीच नसलेली. मग त्या गोष्टीतल्या खोट्या बंड्याच्या बापाबद्दल मुलं जे बोलतात, ते स्वतःच्या बापाबद्दल जन्मात बोलली नसती. तरीही कुणी हळूच येऊन म्हणालंच, "ताई, आमच्याकडे असंच होतं," तर ते रंगमंचावर आणू नका. बाजूला बसून ऐका. पुढे कुणाकडे न्यायचं हे शिबिराआधीच ठरलेलं हवं. शाळेत समुपदेशक नसेल तर निदान 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर पाठ हवा. आणि शेवटची दहा मिनिटं भूमिका उतरवायला ठेवा. हातपाय झटकायचे, मोठ्याने स्वतःचं नाव घ्यायचं. त्या दिवशी घंटा झाली म्हणून मी तेही सोडलं होतं.

घाबरलात? घाबरू नका. थोडी भीती असलेली बरी.

फोरम थिएटर, म्हणजे प्रेक्षकच मध्ये उठून प्रसंग बदलून बघतात ते नाटक, करणार असाल तर ते सुरू करणाऱ्या ब्राझीलच्या नाट्यकर्मी आउगुस्तो बोआलचं एक पथ्य पाळा. प्रसंग अडतो तिथे थांबवायचा, प्रेक्षकांतल्या कुणीतरी उठून अडलेल्या पात्राची जागा घ्यायची आणि काही वेगळं करून बघायचं. दारुडा बाप एकदम शहाणा झाला, तर बोआलच्या लेखी ती जादू. त्याला बदलायचं नाही, तो तस्साच असताना बंड्या काय करेल ते शोधायचं. सूत्रधाराने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, उत्तर सुचवायचं नाही. मला हे अजूनही जड जातं, जीभ चावून उभी राहते. दोन दिवसांच्या कोर्सात सर्टिफिकेट मिळतं, हे जीभ चावणं मिळत नाही. गुरू म्हणून मोठा नटच हवा असंही नाही. कुठल्या पोराला गप्प राहू द्यायचं, हे मला एका बालवाडीच्या ताईंनी शिकवलं.

नाटकाऐवजी सिनेमा दाखवणं सोपं वाटतं, लावला की झालं. तसं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या मराठी सिनेमात स्मृतिभ्रंश झालेले शास्त्री आहेत. ती भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केलीय, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. सिनेमा संपल्यावर "काय शिकलात?" विचारलं की सगळे "म्हाताऱ्यांना जपावं" म्हणतात आणि चपला शोधायला लागतात. मी विचारते, "वडिलांना गाडीत बसवून मुलगी दुकानात गेली आणि ते हरवले, तिचा राग आला का?" मग हॉलमध्ये भांडण लागतं. घरी कुणाचं तरी करत असलेल्या बायका तिची बाजू घेतात, आणि त्यांच्या शेजारची माणसं त्यांच्याकडे वळून बघतात.

पहिल्या शिबिरात वीसच्या वर मुलं घेऊ नका. कुणी रडलं नाही म्हणून खट्टू होऊ नका.

त्या मुलीचा फोटो पुढे संस्थेच्या वार्षिक अहवालात छापून आला. तिला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आता मी सुरुवातीलाच लिहून घेते, शिबिरात फोटो काढायचे नाहीत. काही संस्था एवढ्यावरच नको म्हणतात. म्हणू देत.