घरच्या सुतारकामातील भुसा आटोक्यात ठेवताना
रंध्याच्या ढलप्या आणि करवतीचा जाडा भुसा जमिनीवर पडतो, त्यामुळे तो झाडून गोळा करता येतो. खरा धोका सँडरमधून (लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रातून) उडणाऱ्या, १० मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा) बारीक कणांचा असतो, कारण ते बराच वेळ हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे छातीत उतरतात. म्हणून धूळ जिथे निघते तिथेच ती ओढून घ्यावी. सँडरच्या धूळनळीला व्हॅक्यूम क्लीनर जोडावा आणि दोहोंच्या मध्ये घट्ट झाकणाच्या बादलीवर सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारे शंकूच्या आकाराचे नळकांडे) बसवावा, म्हणजे बहुतेक भुसा बादलीतच साचतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. नळ्यांचे व्यास जुळत नसतील, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवला तरी काम भागते.

घासकाम चालू असताना छताचा पंखा बंद ठेवावा व एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवावा; हनुवटीखाली लोंबणाऱ्या मास्कचा उपयोग शून्य. काम संपल्यावर कोरडा झाडू न मारता ओलसर फडक्याने पुसावे. लाकडाला लावायच्या अळशीच्या तेलात भिजलेले कापडाचे बोळे मात्र भुशाच्या बादलीत कधीही टाकू नयेत, कारण ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते मोकळ्या हवेत सुटे पसरून वाळवावेत.