जर्मनीत एक्सचेंजला येताय? आधी लर्निंग ॲग्रीमेंट बघा

एका सेमिस्टरसाठी इथे येणारी मुलं जॅकेट कोणतं घ्यावं, बॅगेत किती किलो चालतात, हे बारकाईने विचारतात. लर्निंग ॲग्रीमेंटबद्दल, म्हणजे इथे कोणते विषय शिकणार याच्या लेखी कराराबद्दल, क्वचितच कोणी विचारतं, आणि सेमिस्टर वाया जातं ते तिथेच.

या कागदावर तीन सह्या लागतात: तुमची, तुमच्या विद्यापीठाची आणि इथल्या विद्यापीठाची. निघण्यापूर्वी त्यात लिहिलेले विषय बहुधा मागच्या वर्षीच्या यादीतले असतात. इथे कित्येक विषय वर्षातून एकदाच, फक्त हिवाळी किंवा फक्त उन्हाळी सेमिस्टरला शिकवतात. आल्यावर कळतं की एक विषय यंदा नाही, दुसरा जर्मनमधून आहे, तिसऱ्याच्या जागा भरल्या. मग मुलं वेगळे विषय घेतात, प्राध्यापक तोंडी हो म्हणतात आणि ॲग्रीमेंट जुनंच राहतं. परतल्यावर गुणपत्रिकेत भलतेच विषय दिसतात आणि परीक्षा विभाग क्रेडिट्स नाकारतो. विषय बदलला की त्याच आठवड्यात ॲग्रीमेंटमधला बदलाचा भाग भरा. इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या एक्सचेंज योजनेत त्यासाठी सेमिस्टर सुरू झाल्यापासून पाच आठवडे धरतात. तिसरी सही होईपर्यंत विषय पक्का समजू नका. ‘सर म्हणालेत, होऊन जाईल’ हे आपल्या मंडळींत फार ऐकू येतं. इथले सर शब्दाला जागतीलही, पण तुमच्या परीक्षा विभागाला तो शब्द दिसणार नाही.

क्रेडिट्सचा हिशोबही निघण्यापूर्वी लेखी घ्या. इथे एका सेमिस्टरला 30 ईसीटीएस, म्हणजे युरोपीय पद्धतीची क्रेडिट्स, असतात आणि एका क्रेडिटमागे घरचा अभ्यास धरून 25 ते 30 तासांचं काम. आपल्याकडे व्याख्यानाचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात वर्गातले 15 तास. दोन्ही मापं वेगळी, त्यामुळे 30 चे किती धरणार हे तुमच्या विद्यापीठालाच लिहून द्यायला सांगा. गुणांचं कोष्टकही त्याच पत्रात हवं: इथे 1.0 सर्वोत्तम, 4.0 काठावर पास, 5.0 नापास.

विषयाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं, असं नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी असते आणि तिची मुदत बऱ्याचदा परीक्षेच्या कितीतरी आठवडे आधी संपते. मुदत गेली की विनंत्यांचा उपयोग होत नाही. एक्सचेंजवाल्यांनी पोर्टलवर नोंदवायचं की फॉर्मवर, हे विभागागणिक बदलतं. सीनियरच्या जुन्या व्हॉट्सॲप मेसेजवर विसंबू नका, पहिल्याच आठवड्यात इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करा.

परतीचं तिकीट घाईने काढू नका. हिवाळी सेमिस्टरची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. तोवर आपल्याकडे पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. उशिरा रुजू व्हायची परवानगी आधीच घेऊन ठेवा.

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. तिला घरमालकाचा सही केलेला फॉर्म लागतो. तो देत नसेल तर ती खोली घेऊ नका, भाडं कितीही कमी असो. नोंदणीनंतर महिना 18.36 युरोंच्या रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. ते फेकू नका. शुल्क घरामागे एकच असतं, फ्लॅटमधल्यांनी वाटून घ्या. विद्यापीठातल्या प्रवेशाला प्रवासी विमा चालत नाही. वेळेपुढे सी. टी. लिहिलं असेल तर वर्ग पंधरा मिनिटांनी सुरू होतो.

शिकवायला येणाऱ्या प्राध्यापकांसाठी: इरॅस्मस प्लसमध्ये भारतातून येणाऱ्यांना प्रवास सोडून किमान 5 दिवस राहावं लागतं आणि आठवड्याला किमान 8 तास शिकवावं लागतं. हजेरीच्या दाखल्यावर पहिली आणि शेवटची तारीख अचूक हवी. एक दिवस कमी लिहिला गेला तरी अनुदानाचा प्रश्न उभा राहतो. शुक्रवारी दुपारनंतर ऑफिसात कोणी भेटेलच असं नाही, म्हणून सहीसाठी सकाळची वेळ मागून ठेवा.

गुणपत्रिका तुम्ही परतल्यानंतर येते, निकालानंतर कधी कधी पाच आठवड्यांनी. ती कोणत्या पत्त्यावर पाठवायची हे निघण्यापूर्वी सांगा. इथल्या विद्यापीठाचं ईमेल खातं पुढे बंद होतं, त्यामुळे विषयबदलाची सगळी पत्रं त्याआधी उतरवून घ्या.